डाव्या बाजूचा मागचा दरवाजा

२०१९ सालच्या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या दिवशी, वेणूबाई रबाळे एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये शिरल्या त्या काखेत घरची प्लास्टिकची खुर्ची मारून. त्यांच्या पुढे टोचन करून आणलेली क्रीम रंगाची जुनी फियाट होती आणि मागे त्यांचा नातू हितेश. खुर्ची निदान माझ्या हातात तरी दे, असं तो गेटपासून विनवत होता. वेणूबाईंनी दिली नाही. गाडी जिथं थांबली तिथून सहा हातांवर, वरच्या पत्र्यातून उजेड चांगला पडत होता अशी जागा बघून त्यांनी खुर्ची मांडली, लुगड्याचा पदर कमरेला खोचला आणि बसल्या.

वर्कशॉपचा मालक निखिल तिशीतला इंजिनिअर होता. जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्यात त्याचं नाव होतं. पुण्याहून, नाशिकहून लोक त्याच्याकडे गाड्या आणत. आजी गाडी पोचवायला आल्या आणि दमल्या, असं समजून त्यानं पाणी मागवलं. गाडीची पाहणी झाली, फोटो काढून झाले, हितेशनं कागदावर सही केली, तरी आजी उठेनात. तेव्हा हितेशनं त्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की आजी रोज येणार आहे. शटर उघडलं की बसणार, बंद झालं की उठणार. काम पुरं होईपर्यंत.

"रोज म्हणजे?" निखिलनं विचारलं. "दोन महिन्यांचं काम आहे हे."

"मी घरी हेच सांगितलं. ऐकत नाही."

वेणूबाईंच्या घणसोली गावात सोनं आटवायला दिलं की घरचं एक माणूस सोनारासमोर बसतं. मूस तापते, सोनं वितळतं, तार ओढली जाते, मणी वळले जातात, तोवर ते माणूस जागचं हलत नाही. वेणूबाईंना त्यांच्या सासूनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी ठाण्याच्या सोनारासमोर असं दिवसभर बसवलं होतं. त्यात कुणाला अपमान वाटत नसे. सोनार स्वतःच सतरंजी पुढे सरकवायचा. आपलं सोनं आपल्याला परत मिळावं, त्यात दुसऱ्याचं गुंजभर मिसळू नये, एवढाच त्याचा अर्थ. वेणूबाईंना गाडीचं तसंच वाटत होतं. चकचकीत गाडी कुठंही मिळते. जी दिली तीच परत आली पाहिजे.

पण वर्कशॉपमधला डेंटर धनाजी हा सोनार नव्हता. तो खटाव तालुक्यातला, तीस वर्षं कोपरखैरण्यात राहिलेला, साठीला टेकलेला माणूस. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं सहन केलं. मग हातोडी खाली ठेवून तो वेणूबाईंसमोर येऊन उभा राहिला.

"आजी, असं पाठीवर डोळं लावून कुणी बसलं तर हातोडी वाकडी पडती माझी. मी काय चोर आहे का?"

"तुला कोन चोर बोलला? सोनारासमोर पन आमी बसतो. सोनार चोर असतो काय?"

"मग कशाला बसता?"

"सोना आपला हाय म्हनून."

धनाजीनं पाठ फिरवली. तो परत गेला, पण त्या दिवशी त्यानं गाडीला हात लावला नाही. दुसऱ्याच कुणाची तरी जीप ठोकत बसला. वेणूबाई संध्याकाळी उठल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा येऊन बसल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी एक स्टीलचा डबा आणला. गाडीचा जो नट, जो बोल्ट निघेल तो उचलून, पुसून त्या डब्यात टाकू लागल्या. रंगारी मिथुन त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला की आता आपल्या चपलाही रोज मोजून घ्यायला हव्यात. आजी हसल्या. तुझ्या चपला माझ्या गाडीला बसणार नाहीत, म्हणाल्या.

दसरा झाला तसं जरा बरं चाललं. वेणूबाई डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुका जवळा आणत. त्यातला अर्धा धनाजीच्या ताटात जाऊ लागला. एकदा बोनेटचा लांब बोल्ट सापडेना. सगळे खाली वाकून शोधत असताना आजींनी डब्यातून तो काढून पुढे धरला. त्यानंतर धनाजी काही हवं झालं की न बघता मागे हात करू लागला.

जेवताना त्या गाडीबद्दल बोलत. १९७२ साली नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, हातात पहिले पैसे आले. कुणी सोनं केलं, कुणी लग्नं उरकली, कुणी प्यायला. वेणूबाईंच्या नवऱ्यानं, गंगारामनं, फियाट घेतली. तेव्हा गावात धड रस्ता नव्हता. खाडीच्या बांधावरून गाडी आणली, मागे निम्मं गाव धावत होतं, आणि म्हातारे विचारत होते, गंग्या, हाकायला बैल कुठले लावणार. त्याच उन्हाळ्यात गावातल्या एकानं लेकीच्या पाठवणीसाठी गाडी मागितली. गंगारामनं भाडं घेतलं नाही, नारळ घेतला. मग वीस-बावीस वर्षं घणसोलीची प्रत्येक लेक त्याच गाडीतून सासरी गेली. पुढाऱ्यांच्या मिरवणुकीला त्यानं गाडी दिली नाही, बिल्डरांच्या वरातीला दिली नाही.

"आनि दरवाजा," वेणूबाई सांगत. "डाव्या बाजूचा, मागचा. नवरीसाठी तो खोलायचा आनि तोच लावायचा. नवऱ्यालाही हात लावू नाय द्यायचा. लेक गावाची हाय, दरवाजा मी लावीन, बोलायचा. बाहेरगावची मानसं बघायला यायची तो मान."

दुसरी एक गोष्ट त्या त्याहून हळू आवाजात सांगत. कान्हा, म्हणजे हितेशचा बाप, १९७३ साली जन्मला. बाळंतपणासाठी त्या उरणकडे माहेरी तीन महिने होत्या. गंगाराम न्यायला आला तेव्हा गाडी अशी झळकत होती की त्यांना वाटलं नवीच आणली. वर्षाची गाडी, रंगाचा टवका उडालेला नव्हता, तरी त्यानं सगळी पुन्हा रंगवून घेतली होती. मुलगा झाला म्हणून. सोनं-नाणं सगळेच देतात, वेणूबाई म्हणत, पण पोरगा झाला म्हणून अख्खी गाडी रंगवणारा बाप कुणी बघितलाय का. त्यानंतर त्या गाडीला कधी रंग लागला नाही. २००४ मध्ये गंगाराम गेला आणि गाडी घराखालच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली. आता डिसेंबरच्या पहिल्या रविवारी नातीचं, हितेशच्या बहिणीचं, वैष्णवीचं लग्न होतं. आजोबांच्या गाडीतूनच जायचं, हे तिनं आठवीत असल्यापासून ठरवलेलं.

धनाजी हे सगळं मान खाली घालून ऐकायचा. एकदा फक्त म्हणाला, "सांभाळलीय मात्र. एक पत्रा बदललेला नाही."

"बदलनार कोन?" वेणूबाई म्हणाल्या. "मी होते ना."

दिवाळीनंतर कामाला वेग आला. धनाजी पत्र्याच्या मागे लोखंडी ठोकळा धरून पुढून हलक्या हातानं हातोडी मारायचा. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून खड्डे लपवणं त्याला कमीपणाचं वाटे. तीन दरवाजे झाले, बोनेट झालं, छत झालं. प्रत्येक ठिकाणी पत्तीनं खरवडलं की वरच्या क्रीम रंगाखाली दुसरा क्रीम रंग निघायचा, दोन्हींत केसाइतका फरक. वरचा म्हणजे कान्हाच्या जन्माचा, असं मिथुनसुद्धा म्हणू लागला होता.

शेवटी डाव्या बाजूचा मागचा दरवाजा राहिला. त्याची तळाची पट्टी गंजून चाळणी झाली होती. धनाजीनं वर रिमूव्हर लावला, रंग फुगला, त्यानं पत्ती फिरवली. क्रीम रंगाखाली काळा रंग आला.

तो थांबला. हातभर वर, दुसऱ्या ठिकाणी पत्ती फिरवली. तिथंही काळा. मग तो उकिडवा बसल्या बसल्याच जरा सरकला, असा की त्याच्या पाठीआड दरवाजा झाकला जावा. पण मिथुन बाजूनं येत होता.

"अरे, ही तर टॅक्सी आहे," तो म्हणाला.

धनाजीनं त्याच्याकडे बघितलं. मिथुन तिथूनच मागे वळला, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

वेणूबाई खुर्चीवरून उठल्या. दरवाजापाशी येऊन त्यांनी काळ्या रंगावर अंगठा घासला, अंगठा बघितला, पुन्हा घासला.

"हा कुठला?"

धनाजीनं खोटं सांगायचा प्रयत्न केला नाही. हा दरवाजा या गाडीचा नाही, म्हणाला. मुंबईच्या टॅक्सीचा असणार, त्या वेळी काळ्या फियाटी टॅक्सीतच चालायच्या. वरचा क्रीम एकच थर आहे, बाकीच्या गाडीला लागला तेव्हाच लागलेला. मग त्यानं बिजागर दाखवलं. मागे दोन वायसर घालून ते कसंबसं जुळवलं होतं.

"तरी नीट बसत नसणार, आजी. लावताना जरा वर उचलावा लागत असेल. ज्याला माहीत आहे त्याच्याच हातून लागायचा. दुसऱ्यानं लावला तर आपटून परत उघडायचा."

वेणूबाईंचा हात दरवाजाच्या मुठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला. त्यांनी हितेशला फोन लावायला सांगितलं. अकराही वाजले नव्हते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या शटर बंद व्हायच्या आधी घरी गेल्या. नट-बोल्टचा डबाही सोबत नेला.

निखिलनं संध्याकाळी हितेशला समजावलं. एका अर्थी बरंच झालं, तो म्हणाला. कुर्ल्याच्या एका माणसाकडे त्याच वर्षाच्या फियाटचा दरवाजा आहे, खासगी गाडीचा, गंज नाही. दोन दिवसांत बसेल, लग्नाला गाडी पुऱ्या रंगात तयार. हाच दुरुस्त करायचा तर तळाची पट्टी कापून नवी घडवावी लागेल. धनाजीचे बारा-चौदा दिवस त्यातच जातील. आणि रंग सगळ्या अंगावर एकदमच मारावा लागतो, नाहीतर एक दरवाजा वेगळा दिसतो. म्हणजे लग्नाला गाडी निघेल ती राखाडी प्रायमरमध्ये. आजींचा हट्ट होता की गाडीचं आहे तेच राहावं. पण हा दरवाजा मुळात गाडीचा नाहीच, मग अडचण काय राहिली?

हितेशला हे पटलं. त्यानं घरी येऊन सांगितलं. वेणूबाईंनी ऐकलं आणि त्या तांदूळ निवडत राहिल्या.

दोन दिवस वर्कशॉपमधली खुर्ची रिकामी होती. मिथुननं तिच्यावर रंगाची फडकी टाकली, ती धनाजीनं उचलून खाली ठेवली. काम पुढे सरकत नव्हतं. दोनदा त्यानं सवयीनं मागे हात केला.

वेणूबाई घरातच होत्या. कुणी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी वैष्णवी केळवणाहून परत आली, तेव्हा त्यांनी तिला कपाटावरची जुन्या फोटोंची पेटी काढायला लावली. एक फोटो शोधून तो खिडकीपाशी नेला. १९७८ सालचा, शेजारच्या लेकीच्या, पुतळाच्या पाठवणीचा. पुतळा गाडीत बसलेली, मुंडावळ्या ढळलेल्या, आणि दरवाजाच्या मुठीला दोन्ही हात लावून गंगाराम, गुडघ्यात किंचित वाकलेला. हा फोटो गावात सगळ्यांना माहीत होता. बघा, लोक म्हणत, गावच्या लेकीला कसा वाकून मान देतोय.

वेणूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग त्या हसायला लागल्या. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग इतक्या की त्यांना खाली बसावं लागलं. वैष्णवी घाबरून पाणी आणायला धावली.

"तो वाकला नाय गो," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "दरवाजा उचलतोय."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, जणू समोर घडताना बघत होत्या. तीन महिने त्या माहेरी. मुंबईला गाडी नेऊ नकोस असं बजावून गेलेल्या. त्यानं नेली, कुठंतरी ठोकली. नव्या दरवाजाला दिवस लागले असते आणि त्या तर यायच्या होत्या, म्हणून टॅक्सीचा जुना मिळाला तो बसवला. रंग जुळेना, म्हणून अख्खी गाडी रंगवली. दरवाजा बसेना, म्हणून दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गावाला सांगितलं मान, आणि बायकोला सांगितलं मुलगा झाला.

"बावीस वरसं," त्या म्हणाल्या. "दर लग्नाला. मी सोनारासमोर बसनारी बाय, मना एकदा पन कलला नाय. काय मानूस असल तो."

वैष्णवी गोंधळली. आजोबांनी फसवलं म्हणून आजीला राग यायला हवा होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेच होतं, जे वैष्णवीनं दहावीचा निकाल आणला त्या दिवशी होतं.

"मग आता नवीनच दरवाजा लावायचा ना?" तिनं विचारलं. "निखिल सरांकडे ओरिजिनल आहे."

वेणूबाईंचं हसू थांबलं. त्यांनी पुतळाचा फोटो पदरानं पुसून तिच्या हातात दिला.

"तो ओरिजिनल हाय, बरोबर. पन त्यातून कोन गेला? आपल्या पोरी या दरवाजानं गेल्या." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पन लगीन तुजा हाय. हा ठेवला तर रंग नाय लागनार. भुरकट गाडीतून जावा लागल, लोक बोलतील. मी बोलनार नाय काय. तू बघ आनि तू सांग."

वैष्णवी ऐरोलीच्या एका बँकेत नोकरी करत होती. लग्नाचे सगळे रंग तिनं ठरवलेले होते. साडी, मांडव, फुलं, सगळं त्या क्रीम गाडीला शोभेल असं. त्या गाडीचं चित्र तिनं आमंत्रणपत्रिकेवर छापून घेतलं होतं. त्या रात्री तिनं पुतळाचा फोटो पुन्हा काढून बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आजींना रिक्षात घालून वर्कशॉपला घेऊन गेली. वेणूबाई आपल्या खुर्चीत बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी गाडीकडे पाठ केली. वैष्णवी दरवाजापाशी गेली. अर्धा क्रीम, अर्धा काळा, खाली गंजलेला. तिनं तो उघडला आणि लोटला. दरवाजा आपटला आणि परत उघडला. तिनं पुन्हा लोटला. पुन्हा तसंच. मग ती दोन्ही हात मुठीला लावून गुडघ्यात जराशी वाकली, दरवाजा बोटभर वर उचलला आणि आत घेतला. तो बसला.

तिनं हे तीनदा केलं. धनाजी, मिथुन, ऑफिसच्या दारात उभा निखिल, तिच्या हातांकडे बघत होते.

"हाच राहू दे," ती निखिलला म्हणाली.

निखिलनं एकदा विचारून घेतलं की प्रायमरमधली गाडी कशी दिसते हे तिला ठाऊक आहे ना. ठाऊक आहे, ती म्हणाली.

धनाजीला मात्र एक शंका होती. तो वेणूबाईंच्या समोर येऊन उभा राहिला, पहिल्या दिवशी उभा राहिला होता तसाच.

"आजी, बिजागर जुळवलं तर उचलावं लागणार नाही. पण तुम्हाला तसंच हवं असलं तर सांगा. तसं माझ्या हातून काम कधी गेलेलं नाही."

"आता कशाला?" वेणूबाई म्हणाल्या. "उचलनारा गेला. तू तुजा काम नीट कर."

त्यांनी खुर्ची फिरवून घेतली आणि डबा मांडीवर ठेवला.

पुढचे बारा दिवस धनाजीनं दुसऱ्या गाडीला हात लावला नाही. कुजलेली पट्टी कापली, नव्या पत्र्याची हातानं घडवली, जोडली. जोड कुठं आहे ते बोट फिरवून सापडेना. लांबीचा एक कण भरला नाही. प्रायमर मारायच्या आदल्या दिवशी त्यानं मिथुनला थांबवलं. उद्यापासून हे कुणाला दिसणार नाही, म्हणाला. त्याच्या तीस वर्षांत गिऱ्हाईक यायचं ते गाडी चकाकल्यावर. रंगाचं कौतुक करायचं आणि जायचं. उघडा पत्रा कुणी बघितला नव्हता. त्यानं वेणूबाईंना हात धरून उठवलं आणि त्यांचं बोट स्वतः त्या जोडावरून फिरवलं.

"सांगा, कुठं आहे?"

वेणूबाईंनी डोळे मिटून दोनदा बोट फिरवलं.

"नाय कलत."

"नाहीच कळणार," धनाजी म्हणाला आणि हातातली हातोडी पुसत बसला.

लग्नाच्या दिवशी गाडी मांडवासमोर उभी राहिली ती राखाडी, मंद, ना चमक ना झळाळी, नुसत्या झेंडूच्या माळा घातलेली. प्रायमरला हात लावू नका असं मिथुन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत उभा होता. बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. पुतळा, फोटोतली, आता साठी ओलांडलेली, काठी टेकत गाडीपाशी आली.

"वेणे, रंग विकून खाल्लास काय गो?"

"रंग मागून येल," वेणूबाई म्हणाल्या. "आधी दरवाजा बघ. तू बसलीस तो टॅक्सीचा होता, ठाव हाय? माज्या घरवाल्यानं लावला. तुला फसवला, मना फसवला, अख्ख्या गावाला फसवला."

ही गोष्ट त्यांनी त्या दिवशी किती जणांना सांगितली याची मोजदाद नाही. नवऱ्या मुलाच्या मामाला सांगितली, भटजींना सांगितली, फोटोवाल्याला थांबवून सांगितली. सांगताना मान अशी ताठ असे, जणू गंगारामनं विमान बांधलं होतं. आणि प्रत्येक वेळी शेवटी मांडवाच्या कडेला इस्त्रीच्या शर्टात उभ्या असलेल्या धनाजीकडे बोट दाखवून म्हणत, आता त्यानं केलाय तो बघा, बोटानं लागतो.

पाठवणीच्या वेळी हितेशनं दरवाजा उघडला. वैष्णवी बसली. सगळे बघत होते. त्यानं एका बोटानं दरवाजा ढकलला. गर्दीत आवाज असूनही तो बसल्याचा टक् असा आवाज मांडवाच्या कडेपर्यंत ऐकू गेला.

गाडीला रंग लागला तो जानेवारीत. पुतळा २०२१ च्या उन्हाळ्यात गेली. मिथुननं पुढे खांदेश्वरला स्वतःचं रंगाचं दुकान काढलं. निखिलचं वर्कशॉप तळोज्याला मोठ्या शेडमध्ये गेलं. तो आता गिऱ्हाइकांना रंग देण्याआधी एकदा उघडा पत्रा बघायला बोलावतो. धनाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तो काढून झाल्यावर त्यानं काम सोडलं आणि गेल्या वर्षी खटावला गेला. हितेशचं लग्न झालं, त्याला मुलगी आहे. वेणूबाईंचे गुडघे गेले, त्या फार चालत नाहीत, पण आठवण शाबूत आहे.

वैष्णवी जवळच, कोपरखैरण्यात नांदते. २०२२ च्या पावसाळ्यानंतर ती रविवारी माहेरी येऊन त्या गाडीवर चालवायला शिकू लागली. दुसऱ्याच महिन्यात तिनं उजवा मडगार्ड सोसायटीच्या खांबाला घासला. घरात कुणाला सांगितलं नाही. धनाजीला फोन केला, तेव्हा तो अजून इथंच होता. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, तीन तास बसला, मिथुनकडून रंग आणून हात मारून गेला. संध्याकाळी वेणूबाई काठी टेकत खाली उतरल्या. गाडीभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली. उजव्या मडगार्डपाशी जरा जास्त वेळ थांबल्या.

"बरी धुतलीस गो गाडी," त्या वैष्णवीला म्हणाल्या, आणि वर चहा टाकायला सांगून जिना चढू लागल्या.